नवी स्पोर्ट्स कार दारात आलीय, पण पाय अजून जुन्याच गाडीत आहे

या महिन्यात गाड्यांच्या सदरासाठी आलेल्या पत्रांमध्ये तीन पत्रं जवळपास एकाच विषयावरची, म्हणजे घरात नव्याने आलेल्या स्पोर्ट्स कारची, निघाली, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो आणि ही तीन एकत्र देतो. पहिल्या पत्राला जास्त जागा दिलीय कारण त्यातली भीती खरी आहे आणि ती फार लोकांना वाटते, फक्त एवढी महागाची गाडी घेतल्यावर कोणी बोलून दाखवत नाही.

प्रश्न : मी ४३ वर्षांचा आहे, पुण्यात बाणेरला राहतो. बारा वर्षं आय-ट्वेंटी चालवली, एकदाही कुठे ठोकली नाही. कॉलेजात असल्यापासून टू-सीटर घ्यायचं डोक्यात होतं, शेवटी महिन्यापूर्वी बीएमडब्ल्यू झेड४ एम४०आय घेतली. आणि आता खरं सांगतो, मला ती चालवायची भीती वाटतेय. दुसऱ्याच दिवशी सोसायटीच्या रॅम्पवर खालून घासली, तो आवाज अजून कानात आहे. मग एकदा भूगावच्या पुढे टेम्पोला ओव्हरटेक करताना नेहमीसारखा पाय दाबला, आधी काहीच झालं नाही आणि मग गाडी अशी सुटली की हात थरथरायला लागले. २६ दिवसांत ३१० किलोमीटर झालेत फक्त. बायको म्हणते झेपत नसेल तर विकून टाक. मी चूक केली का?

उत्तर : नाही, चूक अजिबात नाही केलीत. तुमच्या पायाला बारा वर्षं एका गाडीची सवय आहे आणि तो अजूनही त्याच गाडीत बसलाय, एवढंच झालंय. तुमची जुनी आय-ट्वेंटी पेट्रोल असेल तर तिचा टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, साधारण ११५ न्यूटन मीटर, आणि या गाडीचा ५०० आहे, म्हणजे चौपटीहून जास्त, आणि तो सगळा १६०० आरपीएमलाच (इंजिनाचे मिनिटाला फेरे) हजर असतो. आय-ट्वेंटीत ओव्हरटेक करायचा म्हणजे पाय निम्म्याच्या वर दाबायचा, इंजिन ओरडायला लागायचं, मग गाडी हळूहळू पुढे जायची. इथे तुम्ही तेवढाच पाय दाबलात, गिअरबॉक्सने एक क्षण घेऊन दोन-तीन गिअर खाली टाकले आणि मग सगळी ताकद एकदम चाकांना दिली. तो जो 'आधी काहीच झालं नाही' वाला क्षण आहे ना त्यातच माणूस फसतो, कारण त्या क्षणात आपण पाय अजून थोडा दाबतो. पुढच्या वेळी पाय ठेवा आणि थांबा, गाडी उत्तर देईल. सारवलेल्या ओल्या अंगणात पाऊल टाकतो तसा पाय ठेवायचा, भार हळूहळू द्यायचा. आणि सध्या गाडी कम्फर्ट मोडमध्येच राहू द्या, स्पोर्टच्या बटणाकडे दोन महिने बघूही नका.

पण पायाच्याही आधी बसण्याचं बघू, कारण माझ्याकडे अशी तक्रार घेऊन आलेल्या दहातल्या सात-आठ जणांची सीटच चुकीची लावलेली असते. आपल्याकडे हॅचबॅकमध्ये बरेच जण खुर्चीत बसल्यासारखे उंच आणि मागे रेलून बसतात आणि खाली बसायच्या गाडीतही तसंच करायला जातात. ब्रेक पूर्ण तळापर्यंत दाबा, तेव्हा गुडघा थोडा वाकलेलाच राहिला पाहिजे. पाठ आणि खांदे सीटला टेकवून हात सरळ पुढे केलेत तर मनगटं स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकली पाहिजेत. घड्याळात नऊ आणि तीन वाजतात तिथे हात ठेवा. हे एवढं केलंत की अर्धा थरथराट जाईल, कारण आत्ता तुम्ही वळणावर स्टिअरिंगला लटकून स्वतःला सावरताय, आणि लटकलेल्या हाताला चाकाखाली काय चाललंय ते कळत नाही.

या गाडीत तुम्ही मागच्या चाकांच्या जरासेच पुढे बसलेले असता आणि लांबलचक नाक तुमच्या पुढे असतं. त्याचे दोन परिणाम होतात. एक म्हणजे गल्लीतून किंवा गेटमधून बाहेर पडताना नाक रस्त्यावर आलेलं असतं आणि तुम्हाला अजून रस्ता दिसत नसतो, तिथे सरळ थांबायचं, काच खाली करायची, इंच इंच पुढे यायचं, कोणी मागून हॉर्न वाजवला तरी वाजवू दे. दुसरा परिणाम चांगला आहे. मागची चाकं किंचित जरी सरकली तरी ते तुम्हाला कमरेत कळतं, डोळ्यांना दिसायच्या आधी. ही गाडी मागच्या चाकांवर चालते, तुमची आय-ट्वेंटी पुढच्या चाकांवर चालायची, म्हणून वळणाच्या मध्यात पाय जोरात दिला की आय-ट्वेंटी नाक बाहेर काढायची आणि ही शेपूट बाहेर काढायला बघते. डीएससी, म्हणजे गाडी घसरायला लागली की सावरणारी सिस्टिम, चालू असेल तर गाडी स्वतःच ताकद कमी करून, एकेका चाकाला ब्रेक लावून ते सावरते. ती सिस्टिम बंद करायची नाही, मित्र म्हणाला तरी नाही, रिकामा रस्ता असला तरी नाही.

मला हे पटायला एक सकाळ लागली. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मित्राची मागच्या चाकांवर चालणारी जुनी टू-सीटर मुळशीच्या रस्त्याला चालवत होतो, पहिला पाऊस होऊन गेलेला, वळण संपत आलंय म्हणून पाय दिला आणि गाडी आडवी झाली. समोरून कोणी येत नव्हतं म्हणून आज हे लिहितोय. जूनचा पहिला पाऊस सगळ्यात वाईट, कारण वर्षभराचं ऑईल आणि धूळ वर येते आणि रस्त्यावर साबणासारखा थर होतो. त्यात तुमचे टायर रुंद आहेत, मागचे २७५ चे, कोरड्यात ते रस्ता घट्ट धरतात पण साचलेल्या पाण्यावरून जोरात गेलात तर अरुंद टायरपेक्षा लवकर तरंगायला लागतात. कायद्याने टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत चालते, मी म्हणेन अशा गाडीला ३ मिलिमीटर राहिली की पावसाळ्याच्या आत बदलून टाका. आणि पुलाखाली पाणी साचलंय आणि किती खोल ते माहीत नाही, तर परत फिरा, इतक्या खाली बसणाऱ्या गाडीच्या इंजिनात पाणी ओढलं गेलं तर इंजिनच जातं.

आता रनिंग-इनबद्दल, म्हणजे नवी गाडी सुरुवातीला जपून चालवण्याबद्दल, कारण तुमचे ३१० किलोमीटर ऐकून मला उलट बरं वाटलं. कंपनीच्याच पुस्तकात लिहिलंय की पहिले २००० किलोमीटर ४५०० आरपीएमच्या वर जायचं नाही आणि पाय पूर्ण दाबायचा नाही. नव्या टायरची पकड पहिल्या ३०० किलोमीटरपर्यंत पूर्ण आलेली नसते आणि ब्रेकचे पॅड आणि डिस्क एकमेकांना नीट बसायला ५०० च्या आसपास किलोमीटर लागतात. म्हणजे ज्या दिवशी तुम्ही घाबरलात त्या दिवशी गाडी स्वतःसुद्धा तयार नव्हती. हे २००० किलोमीटर तुम्हाला शिकायला मिळालेत असं समजा. सकाळी स्टार्ट केल्यावर उभ्या उभ्या रेस करत बसू नका, हळू निघा, पहिली आठ-दहा मिनिटं हलक्या पायाने चालवा म्हणजे ऑईल नीट गरम होतं, या इंजिनाला टर्बो आहे त्याला तर हे फारच लागतं.

माझा सगळ्यांना एकच आग्रह असतो, की नवीन गाडी शिकायची तर एकच रस्ता धरा. दर रविवारी सकाळी सहाला निघा, चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट, पौड, आणि परत. लोक उत्साहात पहिल्याच आठवड्यात महाबळेश्वर, दुसऱ्या आठवड्यात गोवा असं करतात आणि मग रस्ताही नवा, गाडीही नवी, कशामुळे काय झालं ते कळतच नाही. तोच रस्ता चार रविवार केलात की रस्ता डोक्यातून निघून जातो आणि लक्ष फक्त गाडीकडे राहतं, कुठल्या वळणाला किती ब्रेक लागला, गेल्या वेळेपेक्षा कमी लागला का, असं कळायला लागतं. नजर लांब ठेवा, बॉनेटवर नको, वळण जिथे संपतं तिकडे, हात आपोआप तिकडे जातात. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर संपवायचा, मग वळायचं, आणि स्टिअरिंग सरळ होत आलं की मगच पाय द्यायचा.

त्यातच एक दिवस, ५०० किलोमीटर होऊन गेल्यावर, सरळ, कोरडा, रिकामा तुकडा बघून, आरशात मागे कोणी नाही ना याची खात्री करून, ४० च्या स्पीडला ब्रेक खरोखर पूर्ण दाबा. पूर्ण म्हणजे लाथ मारल्यासारखा. पायाखाली पेडल थडथडेल, ते एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी सिस्टिम, घाबरून पाय उचलायचा नाही, गाडी थांबेपर्यंत दाबून ठेवायचा. मग एकदा ६० ला करा. बारा वर्षं गाडी चालवलेल्या माणसाने आयुष्यात एकदाही पूर्ण ब्रेक मारलेला नसतो हे मी कितीदा बघितलंय, आणि ज्याला गाडी कुठे थांबते ते माहीत आहे त्याचीच भीती जाते, जोरात पळवून कोणाची गेलेली मी तरी पाहिली नाही. एक हिशोब लक्षात ठेवा, १०० च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते, तुम्हाला समोरचं दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तर ते २८ मीटर कुठलाही भारीतला ब्रेक परत देत नाही. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेला कारची मर्यादा १०० ची आहे, घाटात त्याहून बरीच कमी, आणि या गाडीत १०० म्हणजे ६० वाटतं, म्हणून कानावर विश्वास न ठेवता काट्याकडे बघत जा.

रॅम्प आणि स्पीडब्रेकरचं दुःख मात्र राहणार. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, पसरट हवा, तसा असेल तर ही गाडी आरामात जाते. आपल्या गल्ल्यांमध्ये मात्र रात्रीत डांबर ओतून केलेले उंचवटे असतात. तिथे जवळजवळ थांबायचं आणि तिरकं घ्यायचं, एका वेळी एकच चाक चढेल असं, पण तिरकं वळण्याआधी दोन्ही आरसे बघा, कारण नेमकं त्याच वेळी बाजूच्या फटीतून स्कूटरवाला घुसतो. सोसायटीचा रॅम्प खालच्या टोकाला घासतो की वरच्या, ते एकदा कोणाला तरी बाजूला उभं करून बघून घ्या. कमिटीला विचारून तळाशी रबरी पट्टी किंवा सिमेंटचा थोडा उतार करून घेता येतो, बऱ्याच ठिकाणी केलाय. आणि खालचं प्लॅस्टिक थोडं खरचटलं म्हणून रात्री झोप घालवू नका, ते खरचटतंच.

अजून काही बारीकसारीक. इंडिकेटर आता डाव्या हाताला आहे, तुमच्या जुन्या गाडीत उजव्या हाताला होता, म्हणून सध्या वळताना वायपर चालू होत असतील, पंधरा-वीस दिवसांत हात सुधारेल. गाडी तेरा-पंधरा सेंटिमीटर जास्त रुंद आणि तीसेक सेंटिमीटर जास्त लांब आहे, पार्किंगमध्ये खांब धरून एक-दोनदा उतरून अंतर बघा. तुम्ही इतके खाली बसता की ट्रकवाल्याला त्याच्या दारापाशी असलेले तुम्ही दिसत नाही, त्याच्या आरशात त्याचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही असं धरून चाला आणि तिथे रेंगाळू नका. सिग्नलला शेजारचा बाईकवाला रेस देईल, मोबाईल काढून शूटिंग करेल, त्याच्याकडे हसून बघा आणि हिरवा झाल्यावर त्याला आधी जाऊ द्या. स्टेपनी या गाडीत नसते, तेव्हा पंक्चर किट कुठे आहे आणि कशी वापरायची ते आत्ताच, घरी, उजेडात करून बघा. पार्किंगमध्ये महिना महिना उभी ठेवलीत तर बॅटरी उतरते आणि टायर एका जागी चपटे होतात, त्यामुळे भीती वाटते म्हणून उभी ठेवणं गाडीसाठीही वाईटच.

आणि वहिनींना रविवारच्या दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला घेऊन जा. छत उघडा, दहा सेकंदात उघडतं आणि ५० च्या आतल्या स्पीडला चालतानाही उघडतं. ५० ने, छत उघडून, सकाळच्या थंडीत पौडच्या रस्त्याला. विकायचं की नाही ते त्यानंतर बोला.

प्रश्न : मी एडिसन, न्यू जर्सीला असते, ३१ वर्षांची. सगळे ऑटोमॅटिक घे म्हणत असताना हट्टाने टोयोटा जीआर ८६ मॅन्युअल घेतली. गाडी शिकले ती सांगलीला बाबांच्या मारुती ८०० वर, त्यामुळे क्लच-गिअर येतं, पण इथे गिअर उजव्या हाताने टाकायचा. परवा तिसऱ्यातून चौथा टाकताना दुसऱ्यात जातोय असं वाटलं आणि घाबरून क्लच धरूनच राहिले. हे सवयीने जाईल ना? आणि थंडीत काय करायचं?

उत्तर : क्लच धरून राहिलात हे फार छान केलंत, त्याने इंजिन वाचलं. जे झालं ते तुमच्या हाताने सांगलीत शिकलेलं केलं म्हणून झालं. गिअरचा नकाशा दोन्हीकडे सारखाच असतो, पहिला डावीकडे वर. पण सांगलीत तुम्ही उजवीकडे बसायचात, त्यामुळे पहिला-दुसरा तुमच्यापासून लांब असायचा. तिकडे तुम्ही डावीकडे बसता, म्हणजे पहिला-दुसरा तुमच्या मांडीजवळ. घाईत, ताणात माणूस दांडा स्वतःकडे ओढतो. मारुतीत स्वतःकडे ओढला तर फार तर वरचा गिअर पडायचा, गाडी गचके खायची, नुकसान काही नाही. इथे स्वतःकडे ओढला की दुसरा पडतो, आणि तिसऱ्यात ६५०० आरपीएमला असताना दुसरा पडून क्लच सुटला तर इंजिन नऊ हजाराच्या वर फिरवलं जातं, जे साडेसात हजाराच्या आत थांबायला बनवलेलं आहे. वॉल्व्ह, पिस्टन, काहीही जाऊ शकतं.

उपाय हाताचा आहे. दांडा मुठीत आवळायचा नाही. तिसऱ्यातून चौथा टाकताना फक्त दोन-तीन बोटांनी सरळ खाली ओढायचा, बाजूला अजिबात रेटायचा नाही, आतली स्प्रिंग त्याला मधल्या रांगेतच धरून ठेवते. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना तळहाताने वर ढकला, तो स्वतः मध्ये येतो. गाडी बंद असताना, क्लच दाबून, घरासमोर बसून रोज पन्नास वेळा करा, डोळे मिटून. एक-दोन आठवडे कमी आरपीएमला, साडेतीन हजाराच्या आसपास गिअर बदला, म्हणजे चुकून दुसरा पडला तरी इंजिनावर फार येणार नाही, नाहीतरी पहिले १००० मैल जपूनच चालवायचेत. गिअर खाली टाकताना ॲक्सिलरेटरला हलका टोला देऊन आरपीएम जुळवणं पुढच्या महिन्यात शिका, टाच आणि चवडा एकदम वापरायची ती कसरत त्याच्याही नंतर.

थंडीचं महत्त्वाचं. तुमच्या गाडीला १८ इंची चाकं आणि समर टायर असतील तर तापमान ७ डिग्रीच्या खाली गेलं की त्यांचं रबर कडक होतं, बर्फ नसला तरी कोरड्या रस्त्यावर पकड जाते. नोव्हेंबरात विंटर टायर घालून घ्या, चारही. शिकण्यासाठी तुम्हाला तिथे जी सोय आहे ती आमच्याकडे सहज मिळत नाही त्याचं मला खरंच वाईट वाटतं, मोकळ्या पार्किंगमध्ये शंकूसारखे रबरी कोन लावून ऑटोक्रॉस होतात, कमी स्पीडला, सोबत शिकवणारा बसतो, जरूर जा. शिवाय अमेरिकेत नव्या जीआर ८६ बरोबर टोयोटाने एका मोटरस्पोर्ट संस्थेचं वर्षाचं सदस्यत्व आणि एक दिवस ट्रॅकवर शिकायची संधी दिलेली आहे, तुमच्या कागदपत्रांत ते आहे का ते डीलरला विचारा. मिलव्हिलचा न्यू जर्सी मोटरस्पोर्ट्स पार्क तुमच्यापासून फार लांब नाही. आणि बाबांना सांगा की मारुतीवर शिकवलेलं क्लचचं पाऊल कामाला येतंय.

प्रश्न : माझा मुलगा २४ वर्षांचा, कोथरूडला असतो, त्याने मोठ्या पगाराची नोकरी लागल्यावर वर्षभरात सेकंड हँड स्पोर्ट्स कार घेतली. मुलगा गुणी आहे पण मित्र रात्री फोन करतात, चल एक चक्कर मारू. मला झोप लागत नाही. गाडीतलं मला काही कळत नाही, मी त्याला काय सांगू?

उत्तर : ताई, हळू चालव हे सांगू नका, ते तो रोज ऐकतो आणि त्याला त्यातून काही करता येत नाही. दोन गोष्टी ठाम सांगा. पहिले तीन महिने रात्री गाडी बाहेर काढायची नाही, आणि मित्राला शेजारी बसवून चालवायची नाही. शेजारी मित्र असला की पाय वेगळा पडतो, हे तो स्वतःही कबूल करेल, शांतपणे विचारा. गाडी सेकंड हँड आहे म्हणून टायरवर चार आकडे असतात ते वाचायला सांगा, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन साल, टायर सहा वर्षांपेक्षा जुने असतील तर नक्षी कितीही चांगली दिसली तरी आधी बदलायचे. वेगाची हौस खरी असेल तर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आहे, तिथे शिकवणीचे वर्ग होतात, त्याच्या वाढदिवसाला त्याची फी तुम्ही भरा.

आणि तुम्ही स्वतः शेजारी बसा. गाडीतलं काही कळायची गरज नाही, तुमची मान सांगेल. त्याने ब्रेक मारला आणि तुमचं डोकं पुढे गेलं, गाडी सुटली आणि मागे आपटलं, वळणावर तुमचा हात दाराच्या हँडलकडे गेला, की तेवढंच त्याला सांगायचं, आत्ता गेलं. बस. रागावून नाही. पुढच्या वेळी तो ते घडू नये म्हणून चालवेल आणि नेमकं तेच शिकायचं असतं. पहिल्या रविवारी कुठे जाऊन आलात आणि किती वेळा सांगावं लागलं ते मला नक्की लिहा.